कंट्रोल जी आणि अठरा शुभेच्छुक

आमच्या तालुक्यात एकोपा नांदतो तो फक्त फ्लेक्सवर, आणि तोही कुणीतरी कंट्रोल जी दाबल्यानंतर. बाजार समितीच्या बैठकीत ज्यांची तोंडं एकमेकांकडे वळत नाहीत, ते अठरा जण भाऊंच्या वाढदिवसाच्या बोर्डावर खांद्याला खांदा लावून हसत असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, ही सगळी भाऊंची पुण्याई. मी मात्र रोज संध्याकाळी स्टँडमागच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो, त्यामुळे ही पुण्याई कशी तयार होते ते मला अगदी जवळून दिसतं. अठरा फोटोंची कटिंग करायची, चेहरे ओळीनं मांडायचे, सगळ्यांभोवती माउस फिरवायचा आणि दोन बटणं दाबायची. झाली एकी.

दुकानात माझी नेमणूक शुद्धलेखनासाठी आहे. नेमणूक म्हणजे काय, तर जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालो आणि दुकानाचा मालक-कम-ऑपरेटर माझा जुना विद्यार्थी निघाला. शाळेत तो मागच्या बाकावर बसून बाकच कोरायचा. त्याचं ते कोरीवकाम वाया गेलं नाही, हे बघून मला बरं वाटतं. तो मला चहा पाजतो, मी त्याच्या वेलांट्या बघतो. 'हार्दिक'मधली वेलांटी ऱ्हस्व असते हे मी त्याला वर्गात सांगितलं होतं आणि दुकानात तर रोजच सांगतो. "सर, गिऱ्हाईक तसंच लिहून आणतं," असं म्हणून तो प्रत्येक वेळी मला नमस्कार करतो आणि दीर्घच ठेवतो.

काम सगळं कोरलवर चालतं. कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर कॅनडातल्या ओटावा शहरात तयार झालं. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी १९८९ मध्ये आली. ओटावात हिवाळ्यात शहरातला कालवा गोठतो आणि लोक त्यावर स्केटिंग करतात. अशा थंड डोक्याच्या गावात बसून ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांना आपल्या हातून पुढं किती फेटे, किती तलवारी आणि किती 'भावी आमदार' घडणार आहेत याची कल्पना असणं शक्य नव्हतं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, दहाव्याची पत्रिका किंवा वाढदिवसाचा बोर्ड करायचा म्हटलं की कोरलचं नाव निघतंच. गिऱ्हाईकसुद्धा पेन ड्राइव्ह पुढं करून म्हणतं, "यात कोरलची फाइल आहे, फक्त नाव बदला."

चित्रातल्या वस्तू एकत्र बांधायची ही कल्पना त्याहून जुनी. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाच्या तरुण संशोधकानं पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम लिहिला. टीएक्स-२ नावाच्या मोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघा ओढायच्या, असा तो प्रकार. त्यात एक गंमत होती. एखादं चित्र एकदा काढून ठेवलं की त्याच्या हव्या तितक्या प्रती कुठंही मांडता येत, आणि मूळ चित्र बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलत. आमच्याकडे याला कार्यकर्ता म्हणतात. पुढं ॲपलच्या मॅकिंटॉशवर मॅकड्रॉ आलं, त्याच्या मेनूत ग्रुप आणि अनग्रुप हे दोन शब्द शेजारीशेजारी होते. तेव्हापासून चित्रं काढायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही जोडी आहे. जिथं बांधायची सोय केली तिथंच सोडायचीही केली, हा शहाणपणा संगणकवाल्यांना पहिल्यापासून होता.

आता कंट्रोल जी दाबून ग्रुप केल्यावर नेमकं होतं काय, ते सांगतो. कोरलमध्ये एखादी वस्तू निवडली की तिच्याभोवती आठ काळे चौकोनी ठिपके उभे राहतात आणि मधोमध एक फुली. फोटो सुटे असताना ज्याला निवडाल त्याचे ठिपके त्याच्यापाशी. ग्रुप केला की अठरा जणांत मिळून ठिपके आठच. खालच्या पट्टीवर नोंद पडते, 'ग्रुप ऑफ १८ ऑब्जेक्ट्स'. एवढंच. कुणाचा रंग बदलत नाही, कुणाची मिशी छाटली जात नाही, आपापसात जो पुढं होता तो पुढंच राहतो. फक्त दोघांच्या मधे कुणी ग्रुपबाहेरचा उभा असेल तर त्याला मधे राहता येत नाही. तो एक तर सगळ्यांच्या पुढं येतो नाहीतर सगळ्यांच्या मागं जातो. ग्रुपची अट एकच: इथून पुढं हलायचं ते सगळ्यांनी मिळून. कोण कुणाचा आवडता, कोण कुणाचा देणेकरी, ही चौकशी कंट्रोल जी करत नाही.

दुकानात बारक्या नावाचा एक पोरगा हाताखाली काम शिकतो. त्याच्यामुळे मला ग्रुपचं महत्त्व पटलं. भाऊंच्या बोर्डावर खालच्या ओळीत अठरा शुभेच्छुक मांडून झाले होते. ओळ जरा डावीकडे कलली होती. ऑपरेटर फोनवर बोलत बोलत म्हणाला, "सगळे सिलेक्ट कर आणि पी दाब." पी दाबलं की निवडलेली वस्तू पानाच्या बरोबर मधोमध येते. बारक्यानं सगळे सिलेक्ट केले आणि पी दाबलं. पण आधी ग्रुप करायचं राहिलं होतं. संगणकाच्या लेखी ते अठरा स्वतंत्र नागरिक होते, आणि पानाच्या मधोमध जायचा हुकूम प्रत्येकाला वेगवेगळा मिळाला होता. क्षणात अठराच्या अठरा एकमेकांच्या डोक्यावर जाऊन बसले. सर्वांत वर युवा अध्यक्ष, त्याच्या कानामागून माजी उपसभापतींची टोपी, टोपीच्या खाली कुणाचातरी गॉगल, आणि कडेनं बाहेर आलेल्या काही जोडलेल्या हातांची बोटं. भाऊ त्यांच्याखाली पार दिसेनासे झाले.

"सर, हे बघा," ऑपरेटर फोन बाजूला ठेवून म्हणाला, "प्रत्येकाला मधेच यायचंय."

मी म्हटलं, "अरे, हाच छाप. एवढं खरं चित्र तालुक्यात दुसरं नाही."

त्यानं कंट्रोल झेड दाबलं. सगळे आपापल्या जागी परत गेले. मग कंट्रोल जी, मग पी. अठरा जणांची ओळ शिस्तीत मधे सरकली. तेच अठरा, तोच हुकूम.

ग्रुपमध्ये कुणाला घ्यायचं, हा त्याआधीचा प्रश्न. तिथं कोरलचा नियम फार कडक आहे. माउस दाबून तिरका ओढला की एक चौकोन पसरतो. जी वस्तू त्या चौकोनात पूर्णपणे मावेल तीच निवडली जाते. टोपीचं टोक बाहेर राहिलं तरी माणूस बाहेर. अर्धवट आत, अर्धवट बाहेर असला कारभार नाही. आमच्या ओळीत कडेला उभे असलेले एक ज्येष्ठ नेते दोन्ही हात पसरून फोटो काढतात, जनतेला कवेत घ्यावं तसे. त्यांचा उजवा हात दर वेळी चौकोनाबाहेर राहतो. परिणामी ओळ मधे सरकते आणि हे आपले जुन्या जागी हात पसरून उभे. यावर कोरलनं सोय ठेवली आहे. आल्ट दाबून चौकोन ओढला की ज्याला नुसता स्पर्श होईल तोही आत येतो. ऑपरेटरनं बारक्याला हे एका वाक्यात शिकवलं: "साधा ओढला तर पक्के कार्यकर्ते, आल्ट दाबून ओढला तर काठावरचेसुद्धा." बारक्या दोन्ही आता डोळे झाकून करतो. मी बघितलंय, निवडणूक जवळ आली की तो आल्टच जास्त वापरतो.

ग्रुपच्या पोटात आणखी ग्रुप असू शकतात. एका चेहऱ्याचा फोटो, त्याच्यामागची पांढरी कड, खाली नावाची पट्टी आणि पदाची ओळ, हा एक ग्रुप. असे सहा ग्रुप मिळून एक गट, असे तीन गट मिळून खालची ओळ, ती ओळ आणि वरचे भाऊ मिळून अख्खा बोर्ड. जुन्या वाड्यात एका दिंडी दरवाजाच्या आत चार चुली असत, तसाच हा कारभार. बाहेरून बघणाऱ्याला एकच दरवाजा. आतल्या एकाच माणसाला गाठायचं तर कंट्रोल दाबून त्याच्यावर क्लिक करायचं. एकदा केलं की ओळ हाताला लागते, पुन्हा केलं की गट, पुन्हा केलं की त्याच्या आतला माणूस, पुन्हा केलं की नुसती त्याची नावाची पट्टी. अशा वेळी भोवतालचे ठिपके चौकोनी न राहता गोल होतात. गोल ठिपके म्हणजे हा माणूस एकटा नाही, कुणाचातरी आहे, जपून हात लावा. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक येत तेव्हा कुणाभोवती गोल ठिपके आहेत हे आधी कळलं असतं तर माझे पुष्कळ श्रम वाचले असते.

कंट्रोल यू दाबलं की सर्वांत बाहेरची गाठ सुटते, आतल्या तशाच राहतात. पण मेनूत 'अनग्रुप ऑल' नावाचा एक पर्याय आहे. तो दाबला की सगळ्या गाठी एकदम सुटतात. कड वेगळी, नाव वेगळं, पद वेगळं, माणूस वेगळा. वरवर काही झालेलं दिसत नाही, सगळे जिथल्या तिथं उभे असतात. खरा अनर्थ पुढच्या हालचालीला कळतो. तुम्ही तालुकाध्यक्षांना उचलून वर न्यावं आणि त्यांचं पद खालीच राहावं. हे दृश्य मी पडद्यावर अनेकदा पाहिलं आहे. पडद्याबाहेर तर त्याहून जास्त.

असाच एक प्रकार गणपतीच्या बाबतीत झाला. बोर्डाच्या कोपऱ्यात गणपती हवाच. तो क्लिपआर्टच्या सीडीतून घेतलेला, म्हणजे शेकडो लहानमोठ्या आकृत्यांचा एक ग्रुप. सोंड, सुळा, मोदक, जानवं, उंदीर, उंदराच्या मिशा, सगळं सुटं काढून एकत्र बांधलेलं. आता ग्रुप निवडलेला असताना कडेच्या पट्टीतल्या एखाद्या रंगावर क्लिक झालं की तो रंग ग्रुपमधल्या प्रत्येकाला लागतो. कार्यकर्ता म्हणाला, "बाप्पाला जरा केशरी करा." बारक्यानं केशरीवर क्लिक केलं. बाप्पा मूषकासकट, मोदकासकट, डोळ्यांसकट केशरी झाले. नुसती शेंदरी सावली उरली. कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "असे नकोत, स्वयंभू वाटतात. ओळखू येतील असे करा."

म्हणून बारक्यानं अनग्रुप ऑल केलं आणि फक्त सोवळं केशरी केलं. मग पुन्हा चौकोन ओढून सगळ्यांना एकत्र बांधलं. बांधताना उंदराचा डोळा तेवढा राहून गेला. काळा, वाटोळा, डाळीएवढा. त्या सैल डोळ्याला कुणाच्या तरी हाताचा धक्का लागला असणार. तो पानावरून भटकत कुठं गेला हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण पडद्यावर अख्खा बोर्ड वीतभर दिसतो. वीस बाय दहा फुटांच्या बोर्डावर मात्र तो डाळीएवढा राहिला नाही. सकाळी चौकात बोर्ड चढला तेव्हा भाऊंच्या डाव्या गालावर पुरणपोळीएवढा एक काळाभोर ठिपका होता.

ऑपरेटर शटर अर्धं ओढून आत बसला. नऊच्या सुमाराला भाऊंच्या मातोश्री रिक्षातून उतरल्या. मला ओळखतात, म्हणून मीच पुढं झालो. म्हातारीनं पदर सावरला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या पोराला सांगा, देव त्याचं भलं करो. एवढा मोठा फोटो चौकात लावलाय, कुणाकुणाची नजर पडंल. ह्यानं आठवणीनं तीट लावली बघा." आणि बारक्याच्या हातावर पन्नासाची नोट ठेवून गेली. तेव्हापासून भाऊंच्या प्रत्येक बोर्डावर डाव्या गालाला तीट असते. बारक्या ती उंदराच्या डोळ्यातूनच कॉपी करतो. आता मात्र गालाशी ग्रुप करून.

ग्रुपशी लोक नेहमी गल्लत करतात ती कंबाइनची. मेनूत दोन्ही जवळजवळच राहतात, आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत दोन्हींना 'एक करा' असंच म्हणतात. एका लग्नपत्रिकेच्या वेळी मुलीचे मामा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. पत्रिकेवर दोन बदाम होते, एक लाल, एक गुलाबी, एकमेकांवर थोडे चढलेले. मामा म्हणाले, "हे नुसते शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. अगदी एकजीव करा." बारक्यानं आज्ञा पाळली आणि कंट्रोल एल दाबलं. म्हणजे कंबाइन. कंबाइनमध्ये दोन आकृत्यांची एकच आकृती होते, दोघांना एकच रंग मिळतो, आणि जिथं त्या एकमेकांवर चढलेल्या असतात तिथं भोक पडतं. गुलाबी बदाम लाल झाला आणि दोघांच्या मधली जागा, जिथं खरं तर ते एकमेकांना भेटत होते, तीच नेमकी कोरी झाली.

मामा चष्मा पुसून म्हणाले, "अहो, मधलं कुणी खाल्लं?"

ऑपरेटरनं समजावलं, "मामा, तुम्ही एकजीव म्हणालात ना, म्हणून झालं."

"मग परत वेगळे करा!"

बारक्यानं कंट्रोल के दाबलं. म्हणजे ब्रेक अपार्ट. बदाम दोन झाले, भोक भरलं, पण गुलाबी परत आला नाही. दोन्ही लालच राहिले. कंबाइन झालेल्यांना तोडता येतं, त्यांचे मूळ रंग मात्र तोडण्यानं मिळत नाहीत. मामांनी हे सगळं शांतपणे पाहिलं. घरी मामी होत्या, त्यामुळे त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी ऑपरेटरनं कंट्रोल झेडनं सगळं मागं नेलं, लाल आणि गुलाबी बदाम पहिल्यासारखे एकमेकांवर ठेवले, बोटभर जवळ सरकवले आणि नुसतं ग्रुप केलं. मामा खुश. "आता कसे एकजीव दिसतात!" एकजीव झालेच नव्हते. म्हणूनच तसे दिसत होते.

आमच्या देवनागरीला तर या भानगडी शब्दागणिक सोसाव्या लागतात. दुकानातले जुने मराठी फॉन्ट असे आहेत की प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा डोक्यावर घेऊन येतं, आणि तुकडे एकमेकांवर किंचित चढले की रेघ सलग दिसते. दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट नसला तर मराठीची अक्षरशः रांगोळी होते, म्हणून फाइल बाहेर पाठवताना मजकुराचे कर्व्ह करायचे. कर्व्ह झाले की अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात. त्या आकृत्या कुणी कंबाइन केल्या की जिथं शिरोरेषेवर शिरोरेषा चढलेली तिथं बारीक पांढऱ्या फटी पडतात. 'कार्यसम्राट' हा शब्द उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसायला लागतो. तिथं वेल्ड हा तिसरा मार्ग वापरावा लागतो. वेल्डमध्ये भोक पडत नाही, पण मधली हद्दच नाहीशी होते आणि पुन्हा वेगळं व्हायची सोय राहत नाही. उलट कर्व्ह केलेल्या अक्षरांना ब्रेक अपार्ट केलं तर ब, व, ठ यांची पोटं भरून येतात. त्यांच्या पोटातली पोकळी हीसुद्धा एक आकृतीच असते, ती सुटी होऊन वर येऊन बसते. मग 'ठेकेदार' असा दिसतो की पोट भरल्याची खात्री पटते.

अशा कर्व्ह झालेल्या फाइलमध्ये 'हार्दीक' सापडला की माझा जीव कासावीस होतो. टाइप करून दुरुस्त करता येत नाही. मग ऑपरेटर, गुरूचं ऋण म्हणून, शस्त्रक्रिया करतो. शेजारच्या 'वाढदिवसाच्या'मधला 'दि' उचलून त्याची प्रत काढायची, दीर्घ 'दी' काढून टाकायचा, तिथं हा बसवायचा. आता रफार हवा. तो 'कार्यसम्राट'मधून आणायचा. मग दि, रफार आणि बाकीची अक्षरं यांना ताबडतोब ग्रुप करायचं, नाहीतर ओळ हलवताना रफार मागं राहतो आणि भाऊंना हादिक शुभेच्छा जातात. उधार आणलेल्या या अवयवांनी सजलेला तो 'हार्दिक' चौकात वीस फुटांवर झळकतो. त्याच्यातली वेलांटी वाढदिवसाची आणि रफार कार्यसम्राटाचा आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. निवृत्तीनंतर माणसाला असे खासगी विजय लागतात.

कधी कधी मात्र कुठलंही बटण न दाबता ग्रुप होतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली यावर एक निबंध लिहिला. सुट्या वस्तू समोर आल्या की आपला डोळा स्वतःच त्यांचे गट पाडतो, असं त्याचं म्हणणं. जवळजवळच्या वस्तू एका गटात, सारख्या दिसणाऱ्या एका गटात, आणि बरोबरीनं हलणाऱ्या एका गटात. या तिसऱ्या नियमावरच कंट्रोल जीचा सगळा संसार उभा आहे. पहिले दोन आमच्या दुकानात रोज सिद्ध होतात. एकदा एक माजी सरपंच येऊन बजावून गेले, "मला त्यांच्या शेजारी लावलात तर बोर्ड उतरवीन." ऑपरेटरनं दोघांच्या मधे चार बोटं जागा सोडली. ती बोटं पडद्यावरची. बोर्डावर तिथून बैलगाडी गेली असती. ओळीचे सरळ दोन तुकडे दिसायला लागले, डावीकडे अकरा, उजवीकडे सात. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर फुटीची बातमी पक्की झाली, कोण कुठल्या गटात हेही बोर्ड बघून ठरलं. कोरलच्या हिशेबानं ते अठरा जण अजूनही एकाच ग्रुपमध्ये होते. लोकांच्या डोळ्यांनी अनग्रुप केलं होतं.

संध्याकाळी नवा बोर्ड आला. सरपंचांचा शब्दही मोडायचा नव्हता, म्हणून ऑपरेटरनं जागा तशीच ठेवली आणि अठराही जणांच्या डोक्याला एकाच रंगाचा गुलाबी फेटा बांधला. ज्यांच्या फोटोत टोपी होती त्यांच्या टोपीवरून. जवळिकीनं जे बिघडवलं ते सारखेपणानं सावरलं. वेर्थायमरला हा प्रयोग बघायला मिळाला असता तर त्यानं निबंधाला एक पुरवणी जोडली असती.

खरंखुरं कुणी सोडून गेलं तर काय करायचं, याचीही दुकानात रीत आहे. भाऊंचा बोर्ड कधी नव्यानं होत नाही, गेल्या वर्षीचीच फाइल उघडते. गेलेल्या माणसावर कंट्रोल दाबून क्लिक करायचं, गोल ठिपके आले की डिलीट. खालच्या पट्टीवरचा आकडा अठराचा सतरा होतो. ग्रुप तक्रार करत नाही, ग्रुप मोडतही नाही. राहिलेल्यांमधलं अंतर सारखं वाटून घ्यायची सोय कोरलमध्ये आहे, दोन क्लिकमध्ये फट बुजते. गेलेला माणूस वर्षभरात परत आला तर जुन्या फाइलमधून तो जसाच्या तसा निघतो, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, त्याच पदासह. ग्रुपमध्ये राहून त्याचं काहीच बिघडलेलं नसतं, हे ग्रुपचं मोठेपण. माणसाला त्यानं आपल्या रंगात रंगवलेलं नसतं, कुणाशी वितळवलेलं नसतं, त्याच्या पोटातली पोकळीसुद्धा शाबूत ठेवलेली असते. ज्यानं कमी मागितलं, त्याच्याकडून निघतानाही भांडण होत नाही. सगळ्या संस्थांच्या घटना लिहिणाऱ्यांनी दोन दिवस आमच्या दुकानात येऊन बसावं, चहा माझ्याकडून.

फक्त एक अडचण आहे. छपाईच्या मशीनला ग्रुप कळत नाही. मशीनकडे जाताना अख्ख्या बोर्डाचं एक सपाट चित्र होतं. त्यात भाऊ, तीट, फेटे, रफार, सगळे नुसते रंगाचे कण. कोण कुणाच्या ग्रुपमध्ये होता याची तिथं नोंद नाही. आणि नेमका फ्लेक्स चौकात चढल्यावरच तालुक्यातलं राजकारण हलतं. परवा पहाटे एक कार्यकर्ता धापा टाकत आला. रात्रीतून शुभेच्छुक क्रमांक सातनं पक्ष बदलला होता आणि दहा वाजता भाऊ चौकातून जाणार होते.

"तेवढा एक माणूस काढून द्या," तो म्हणाला. "कम्प्युटरवर काढता तसा."

ऑपरेटरनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "कम्प्युटरवर आत्ता काढतो, त्याचा एक पैसा घेत नाही. पण चौकातला काढायचा तर त्याच्या तोंडावर दुसरा फ्लेक्स चिकटवावा लागेल. दोन बाय तीन. त्याचे चौरस फुटाप्रमाणे पडतील. शिडीचे वेगळे."

कार्यकर्त्यानं पैसे मोजले. जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, "बारा नंबरचाही एक छापून ठेवा. लागेल."